लाल डोळ्यांचे ससे आणि अंबूनाना

आमच्या शेजारचे अंबूनाना स्वतःच्याच घरात शिरताना स्वतःचं नाव पुकारतात. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक करायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "आलो, आलो, अंबादास आलो!" मग क्षणभर थांबून आत पाऊल टाकायचं. दिवसातून दहा वेळा आत गेले तर दहा वेळा. निवृत्तीनंतर आम्ही येरमाळ्यात घर बांधलं, तेव्हा पहिल्याच सकाळी ही आरोळी ऐकून मी बायकोला म्हणालो, "शेजार जरा चक्रम दिसतोय."

"निदान कोण आलंय ते तरी कळतं," बायको म्हणाली. "तुम्ही नुसते मागं येऊन उभे राहता."

तिथूनच माझं आणि अंबूनानांचं बिनसलं. नानांना हे अजून माहीत नाही.

मी तेहतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. परंड्यापासून कळंबपर्यंत बदल्या झाल्या. अडलेल्या गाई सोडवल्या, शेळ्यांना लसी टोचल्या, लाथा खाल्ल्या. लोक मला 'डॉक्टरसाहेब' म्हणायचे आणि मी डॉक्टर नाही हे सांगायला मला कधी सवड झाली नाही. निवृत्त झाल्यावर फाटकाला पाटी लावली, नावापुढं कंसात 'नि.' घातलं आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, आता गाव येईल विचारायला.

गाव यायचं. माझ्या फाटकावरून पुढं जायचं आणि अंबूनानांच्या गिरणीत शिरायचं.

नाना पिठाची गिरणी चालवतात. सत्तरी गाठलेली, अंगानं काटकुळे, भुवयांपासून धोतरापर्यंत ज्वारीचं पीठ. जातीनं धनगर. बापजाद्यांनी मेंढरं राखली आणि ह्यांनी पाळलेत ससे. गिरणीच्या मागच्या अंगणात जाळीचं खुराडं, त्यात सात-आठ पांढरे ससे, लालबुंद डोळ्यांचे. दळण टाकायला आलेल्या बाईलासुद्धा नाना खुराड्यापाशी तसं जाऊ देत नाहीत. "आधी नाव सांगा," म्हणतात, "मग हात घाला. लाल डोळ्याचं जनावर हाय, त्याला लांबचं दिसत न्हाय. वर्दी दिल्याबिगर गेलं की जीव घाबरतो त्याचा." मग तालुक्याला नोकरी करणारी चांगली शिकलेली माणसंसुद्धा सशांसमोर उभी राहून आपलं नाव, आडनाव सांगतात. मी हे कुंपणावरून पाहिलंय.

गिरणीतलं लाकडी स्टूल वीतभर सरकवलेलं नानांना चालत नाही. पाण्याचा माठ, झाडू, पिठाचं डबडं, सगळं जिथल्या तिथं. कुणी झाडू दाराआड ठेवला की नाना चालू गिरणी बंद करतात, झाडू जागेवर ठेवतात आणि गिरणी पुन्हा सुरू करतात. वर सगळ्याला एकच उत्तर: "फिकीर नगं, घाई बी नगं." माझ्या बायकोला ह्या वाक्यात फार मोठं काहीतरी सापडलंय. माझ्या तोंडून निघालं असतं तर ती म्हणाली असती, आळशीपणा.

आता मोगरीचं सांगतो. आमच्या मुलीला पुण्यात नोकरी लागली आणि जाताना ती आपली पाळलेली सशीण आमच्या गळ्यात घालून गेली. तीच मोगरी. तीही पांढरी, लाल डोळ्यांची. मुलगी गेल्यावर दोन दिवस बायको जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी मोगरीला मांडीवर घेऊन बसली. त्यानंतर आमच्या घरात मोगरीचा शब्द चालायला लागला.

एका शुक्रवारी सकाळी मोगरी व्हरांड्यात बसून मान हलवायला लागली. अंग स्थिर, पुढचे पाय स्थिर, आणि मान मात्र सावकाश डावीकडं, सावकाश उजवीकडं, पुन्हा डावीकडं. मुलीनं ती कायम खोलीत ठेवलेली, त्यामुळं हे आमच्या कधी नजरेस पडलं नव्हतं. नेमक्या त्या वेळी पलीकडच्या गल्लीतल्या सुमनबाई दळणाचा डबा घेऊन चालल्या होत्या. त्या फाटकाशी थबकल्या.

"अगं बया! हिच्या अंगात आलंय!"

येरमाळ्यात देवीचं ठाणं. इथं मान डोलायला लागली की माणसाला दुसरं काही सुचत नाही. दहा मिनिटांत चार बाया जमल्या. एकीनं मोगरीला हळद-कुंकू लावलं, दुसरीनं पुढ्यात नारळ ठेवला, तिसरी हात जोडून "माय, पोरीचं लगीन कवा जुळंल?" असं विचारायला लागली. मोगरी कुंकवाच्या बोटाला दचकून मागं सरकली, तर म्हणाल्या, "बघा, कौल दिला!"

मी आतून तावातावानं बाहेर आलो. आमच्या घरात अंगात येणं, घुमणं हे माझ्या आजोबांपासून बंद. शिवाय हा माझ्या खात्याचा विषय. खाकरून म्हणालो, "बाजूला व्हा. अंगातबिंगात काही नाही. हे कानाचं दुखणं आहे. कानात बिघाड झाला की तोल जातो आणि मान हलते." बायकोकडं एक नजर टाकली. ती ऐकत होती. कानात घालायचं औषध आणलं, मोगरीला काखेत धरलं आणि चार थेंब सोडले. तिनं माझ्या मनगटावर दोन लांब ओरखडे काढले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "आलो, आलो, अंबादास आलो!"

नाना आले. भुवयांवर पीठ, हातात लसूणघासाची जुडी. "जयभीम, साहेब."

"राम राम, नाना," मी म्हणालो. ते मला माझ्या घरचा नमस्कार घालतात, मी त्यांना त्यांच्या घरचा; शिष्टाचार मी पाळतो.

नाना मोगरीपुढं खाली बसले. आधी धोतराच्या सोग्यानं तिच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. बायांकडं वळून एकदम तडकून म्हणाले, "हिला देवी करू नका! हात जोडतो, पर हिला देवी करू नका!" एरवी ज्याला फिकीर नाही त्या माणसाचा आवाज गल्लीभर गेला. मला वाटलं, लोकांसमोर रंग भरतोय.

मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "बघतंय ते, साहेब."

"काय बघतंय?"

"घास किती लांब हाय ते. एका जागंवरनं बघितलं तर तिला अंदाज लागत न्हाय. तुमी यष्टीत खिडकीला बसा. जवळची बाभळ पळती, लांबचा डोंगुर जागीच ऱ्हातो. व्हय का न्हाय? तसं मान हिकडं केली, तिकडं केली, की जवळचं लई सरकतं आन लांबचं थोडं. मग उमगतं कुठं उडी मारायची ती. डोळ्यानं अंग काढून घेतलं की मान कामाला लागती."

त्यांनी घासाची जुडी हातभर अंतरावर धरली. मोगरीची मान डावीकडं गेली, उजवीकडं गेली, पुन्हा डावीकडं. मग एकच उडी आणि तोंडात घास. बायांनी "अगं बाई" केलं. नारळवालीनं आपला नारळ उचलून पिशवीत टाकला.

बायको मोगरीला उचलून आत गेली. रात्री भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "तेहतीस वर्षं म्हणे."

मी चिडलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दार लावून मोबाईलवर वाचत बसलो. लाल डोळ्यांच्या सशाच्या डोळ्यात रंग नसतो, त्यामुळं उजेड आवरत नाही, नजर अधू असते, आणि म्हणून तो मान हलवून अंतराचा अंदाज घेतो. नानांनी सांगितलं ते शब्द न् शब्द तसंच. मोबाईल मी उशीवर आपटला. पुढं मात्र असंही लिहिलेलं होतं, की मान एका बाजूला वाकडी होऊन तशीच राहिली, जनावर गोल फिरायला लागलं किंवा कोलमडलं, तर ते दुखणं समजावं, कानाचं किंवा मेंदूचं. हे वाचून मला धीर आला. पुढचा आठवडाभर मी रोज सकाळी बॅटरी लावून मोगरीचा कान तपासत होतो. कुठंतरी थोडासा पू दिसावा अशी माझी मनापासून इच्छा होती. जनावरांच्या सेवेत केस पांढरे केलेल्या माणसाला ही इच्छा शोभत नाही, पण होती. मोगरीचे कान आरशासारखे स्वच्छ निघाले.

इकडं नानांची कीर्ती वाढतच होती. येडशीहून एक मास्तर ससा घेऊन आले, कळंबहून कुणी दुचाकीवर टोपली बांधून आलं. सगळे माझी पाटी वाचत पुढं गेले. एकदा मी दळणाचं निमित्त काढून गिरणीत गेलो आणि चार माणसांदेखत विचारलं, "नाना, सशाचं नॉर्मल तापमान किती असतं हो?"

"मला काय ठाव, साहेब," नाना म्हणाले. "म्या हात लावून बघतो. त्ये तुमचं काम."

लोक हसले. मलाच हसले असं मला वाटलं.

सगळ्यात वाईट म्हणजे बायको. रोज दुपारी चारला मोगरीला टोपलीत घेऊन ती नानांकडं जायची ती पाचला यायची. येताना चेहरा कसा निवांत. माझ्याशी बोलून तिचा चेहरा असा झालेला मला लग्नापासून आठवत नाही. "काय एवढं बोलता तासभर?" मी एकदा विचारलंच. "सशांविषयी," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. ससा ह्या विषयावर तासभर बोलण्यासारखं काय असतं? मला सरळ सरळ हेवा वाटत होता. एका पिठानं माखलेल्या, चौथी नापास माणसाचा हेवा.

गेल्या श्रावणात एका सकाळी फाटक धाडकन उघडलं. आरोळी नाही, टकटक नाही. नाना बोडक्या डोक्यानं धावत आत आले. छातीशी टॉवेलात गुंडाळलेला ससा.

"साहेब, हे बघणं न्हाय. हे दुसरंच काय तरी हाय."

सशाची मान डावीकडं पिळल्यासारखी वाकडी झाली होती. डोळ्यांची बुबुळं थरथर थरथर हलत होती. खाली ठेवला तर एका अंगावर लोळण घ्यायला लागला. खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. आला शेवटी माझ्याकडं! मग नानांच्या पायांकडं लक्ष गेलं. ते तसेच अनवाणी धावत आले होते.

पुढचं मी सवयीनं केलं. दोन्ही बाजूंनी टॉवेलाच्या गुंडाळ्या लावून सशाला खोक्यात बसवलं, म्हणजे लोळण थांबते. ओळखीच्या माणसाची जीप बोलावली. धाराशिवला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कान तपासला. आतल्या कानात पू. जो पू मोगरीच्या कानात सापडावा म्हणून मी आठवडाभर तळमळलो, तो इथं सापडला आणि मला काडीचंही बरं वाटलं नाही. "औषधं रोज वेळेवर द्यावी लागतील," डॉक्टर म्हणाले, "जगेल. मान थोडी वाकडी राहील कदाचित." परत येताना सगळ्या वाटेत नाना एकच विचारत होते, "पर नजर ऱ्हाईल ना, साहेब? त्याला हाय तेवढं दिसंल ना? चंद्रीचा हाय हा ससा."

"चंद्री कोण?"

"वैनींनी सांगितलं न्हाय?" नाना म्हणाले. घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, "ही चंद्री कोण?"

"नानांची बहीण," बायको म्हणाली. "आतल्या खोलीत असतात. उन्हात निघवत नाही त्यांना. मी रोज त्यांच्यापाशीच बसते की. नाना गिरणीत असतात."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही गिरणीच्या पुढं गेलात कधी?"

दोन वर्षं मी त्या घरावर कुंपणावरून पाळत ठेवली होती आणि आत माणूस आहे हे मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध पाजायला गेलो. दाराशी नानांनी टकटक केली आणि पुकारलं, "आलो, आलो, अंबादास आलो! संगं साहेब हाईत, चंद्रे. तुझ्या डाव्या अंगाला बसत्यात."

खोलीच्या खिडकीला निळं कापड लावलेलं. खाटेवर एक म्हातारी बसली होती. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, कातडी गुलाबी गोरी. पदर कपाळावर पुढं ओढलेला. मी बसलो तशी तिची मान हलली. सावकाश डावीकडं, सावकाश उजवीकडं. मी नजर खाली घातली.

"खाली बघू नगा, साहेब," ती म्हणाली. "त्वांड दिसत न्हाय मला."

मी मान वर केली. ती पुन्हा दोनदा हलली आणि थांबली. "आता दिसला," ती म्हणाली. "मला वाटलं लई उंच असशीला."

सशाला औषध पाजून झालं तरी तिनं मला उठू दिलं नाही. "तुमी शिकलेले. एक इचारू? म्या आठ वर्साची आसंन. आमच्या वाडीवर बाया यायच्या, माझ्या पुढ्यात बसायच्या. आता कोण आलंय, बघाया नगं? म्हून म्या मान हलवायची. तर म्हणायच्या, देवी आली, देवी आली! आन पडायच्या पाया. म्या म्हणायचे, कुणाची आय हाय ही? तर ती खाली वाकल्याली. त्वांडच दिसायचं न्हाय कुणाचं. पोरी तर खेळायला घेईनात. देवीला लगोरीत कोण घेतंय?"

ती हसली. नाना हसले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"मला ठाव हुतं, साहेब," ते म्हणाले. "म्या हिच्याहून चार वर्सानं मोठा. आमच्या मेंढरात एक लाल डोळ्याचं कोकरू हुतं, ते बी आसंच करायचं. ही बघती, येवढं मला कळत हुतं. पर घरात नारळ यायचे, खण यायचे, पुरनाच्या पोळ्या यायच्या. म्या पोळ्या खाल्ल्या आन गप बसलो. साळा न्हाय, लगीन न्हाय. देवीला पोरगा कोण देणार? मागनं बाया यायच्या बंद झाल्या. मग ही नुसती बसून."

"रोज म्हणतो मला, तू बघत हुतीस, तू बघत हुतीस," चंद्राक्का म्हणाली. "भाऊ हाय. मन राखाया बोलत आसंल."

"म्हून तर ससे आणले, साहेब. म्हणलं, निदान सशाकडं बघून हिला पटंल. तर म्हणती कशी, सशाच्या अंगात बी येत आसंल!" नानांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "माझं ऐकत न्हाय ती. म्हणती, साहेबांनी सांगितलं तर खरं धरीन. दोन वर्सं झाली म्हणती. पर तुमच्यासारख्या माणसाला घरात बोलवायचं म्हंजी… म्या अडाणी. तुमी कुंपणापाशी उभं ऱ्हायचा, म्या रोज म्हणायचो, आज इचारू. तुमच्यागत चार बुकं शिकलो असतो तर तवाच आईला सांगितलं असतं. तुमचा लई हेवा वाटतो बगा मला."

मला त्या खोलीत कुठं तोंड लपवावं ते कळेना. आणि तोंड लपवायची तर सोयच नव्हती, ती बघत होती.

"आक्का," मी म्हणालो. आवाज खात्यातला काढायला गेलो, तो निघाला नाही. "काही माणसांच्या डोळ्यांत आणि कातडीत जन्मापासून रंग कमी असतो. ह्याला शास्त्रात नाव आहे. माझ्या नोकरीत मी अशी वासरंसुद्धा बघितली आहेत. डोळ्यात रंग नसला की उजेड सोसत नाही, नजर अधू राहते. मग मान मदतीला येते. ह्यात तुमचा दोष नाही, तुमच्या आईचा नाही, कुणाचा कोप नाही."

"म्हंजी देवी नव्हती?"

"नव्हती, आक्का. तुम्ही होता. तुम्ही बघत होता."

तिनं सशाच्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर गिरणीपाशी कुणीतरी डबा ठेवल्याचा आवाज आला. नाना गेले नाहीत. मग चंद्राक्का म्हणाली, "मग ते नारळ?"

"काय?"

"येवढे नारळ फोडले माझ्याम्होरं. फुकटच की रं, अंबादास!" आणि ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, अंग गदागदा हलवून हसली. नाना मात्र तिथंच उंबऱ्यावर खाली बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. गालांवरच्या पिठातून पाण्याचे ओघळ निघाले.

"गप ए, येडा कुठला," ती म्हणाली. "पोळ्या म्या बी खाल्ल्या की. हिकडं ये. आसा न्हाय, म्होरं बस. वाकू नगं. नीट बघू दे तुला."

नाना उठून तिच्यासमोर बसले, पाठ ताठ, तोंड वर. तिची मान डावीकडं गेली, उजवीकडं गेली, पुन्हा डावीकडं.

मी औषधाची बाटली कोनाड्यात ठेवली आणि बाहेर आलो. माझ्यासाठी ती मान दोन-तीनदाच हलली होती. नानांसाठी हलतच राहिली होती. मला हेवा वाटला का, तर वाटला. अंगणात सुमनबाई डबा घेऊन उभ्या होत्या. "नाना हाईत का?" त्यांनी विचारलं. "आहेत," मी म्हणालो, "पण दळण उद्या आणा."